आगळ आणि गुळातल्या आंबटगोड चिकन विंग्स

आंबटगोड विंग्सच्या बहुतेक कृतींमध्ये आंबटपणासाठी व्हिनेगर आणि टोमॅटो केचप सांगितलेले असते. कोकणातल्या घरात मात्र त्याहून सरस वस्तू फडताळातच असते, ती म्हणजे कोकमाचे आगळ. पिकलेल्या रातांब्यांना मीठ लावून काढलेला हा दाट रस आंबट आणि चांगलाच खारट असतो, त्यामुळे गुळाशी त्याचे उत्तम जमते. साखरेत मुरवलेले अमृत कोकम मात्र येथे वापरू नये. त्याने पदार्थ नुसता गोड होतो.

एक किलो विंग्स घेताना कातडी ठेवण्यास चिकनवाल्याला आधीच बजावावे, कारण आपल्याकडे कोंबडी सोलून देण्याचीच पद्धत आहे आणि सवयीने त्याचा हात कातडीकडे जातोच. घरी आणल्यावर राहिलेली बारीक पिसे चिमट्याने उपटावीत. मग विंग उलगडून सांधा बोटाने चाचपावा आणि दोन हाडांच्या मधल्या खाचेत सुरी टेकवून दाबावी; जागा बरोबर असेल तर फारसा जोर लागत नाही, आणि सुरी अडली तर ती हाडावर आहे असे समजून थोडी सरकवावी. टोके सूपसाठी बाजूला ठेवावीत.

कुरकुरीतपणा कातडीच्या कोरडेपणावर अवलंबून असतो आणि पावसाळ्यात आमच्याकडे खरी अडचण तीच असते, कारण दमट हवेत ताटात ठेवलेली कातडी तासाभरानेही ओलीच राहते. म्हणून तुकडे स्वच्छ फडक्याने टिपून, त्यांना अर्धा चमचा मीठ आणि पाव चमचा हळद चोळून, फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात दोन तास उघडेच ठेवावेत. आले-लसणाचे वाटण या वेळी लावू नये. ते ओल धरते आणि तेलात जळून कडू होते.

तळण्यापूर्वी तीन मोठे चमचे तांदळाचे पीठ भुरभुरावे. मध्यम तापलेल्या तेलात तुकडे थोडे थोडे सोडून आठ ते दहा मिनिटे तळावेत, काढून पाच मिनिटे निवू द्यावेत आणि आच वाढवून पुन्हा दोन मिनिटे तळावेत. पहिल्या तळणीत मांस शिजते, दुसरीत कातडी कडक होते. थर्मामीटर असल्यास हाडाजवळ 74 अंश सेल्सिअस तापमान आले आहे ना, ते पाहावे.

आता रस. स्टीलच्या पातेल्यात एक चमचा तेलावर सहा पाकळ्या ठेचलेला लसूण आणि इंचभर किसलेले आले परतावे, त्यात दोन चमचे बेडगी मिरचीची पूड, 100 ग्रॅम चिरलेला गूळ, तीन मोठे चमचे आगळ आणि अर्धी वाटी पाणी घालावे. आंबट रस उकळण्यासाठी ॲल्युमिनियमचे भांडे घेऊ नये. आगळ नसल्यास बारा-पंधरा आमसुले कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून कुस्करावीत आणि त्यांचे गाळलेले पाणी वापरावे. वरून मीठ चव घेतल्याशिवाय मुळीच घालू नये.

रस मंद आचेवर आटवावा. ताटलीवर थेंब टाकून ती तिरकी केली असता थेंब पाण्यासारखा न पळता सावकाश ओघळला, की आच बंद करावी. एकतारी पाकापर्यंत थांबल्यास निवल्यावर रस चिकट गोळीसारखा होतो. पहिल्या खेपेस मी कच्च्या विंग्सच रसात शिजत टाकल्या होत्या; गूळ तळाशी करपला आणि हाडाजवळचे मांस लालच राहिले. तेव्हापासून तळलेले गरम तुकडे आच बंद केल्यावरच रसात घोळवते, तेही पंगत बसल्यावर, कारण पंधरा मिनिटांत कातडी मऊ पडू लागते. उरलेला रस पातेल्यात राहत नाही. तांदळाच्या भाकरीने तो आधीच पुसला जातो.