सिंदखेडराजा एका दिवसात पाहायला निघालात? या चुका टाळा

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आमच्याकडे पाहुणे आले होते. लोणारला जाताना वाटेत सिंदखेडराजा 'करून घेऊ' असं ठरलं. सव्वाअकराला गाडी राजवाड्यासमोर लागली. महाद्वाराखाली फोटो झाले, जिजाऊंच्या जन्मस्थानाचं दर्शन झालं, आणि पावणेबारा वाजता सगळे परत गाडीत बसले. ज्या गावात चारशे वर्षांपूर्वीचा वाडा, समाधी, कोट, तलाव आणि बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर, हे सगळं पायी फिरून पाहता येतं, ते गाव अर्ध्या तासात संपलं. मी सोबत होतो आणि काही बोललो नाही, याची चुटपुट अजून आहे. आमच्या गावापासून सिंदखेडराजा वीसेक किलोमीटर. वर्षातून चार-पाच वेळा कुणाला ना कुणाला घेऊन मी तिथे जातोच. त्या फेऱ्यांत ज्या चुका पुन्हा पुन्हा होताना पाहिल्या, त्या इथे लिहितो.

सिंदखेडराजा म्हणजे फक्त जन्मस्थान, असं समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म इथे झाला, म्हणून पाय आधी राजवाड्याकडेच वळतात, आणि तेच योग्य आहे. पण जन्मस्थानापुढे हात जोडून मागे फिरलात, तर जिजाऊ ज्या गावात वाढल्या ते गाव पाहायचं राहून जातं. जिजाऊंचे वडील लखुजीराजे जाधव हे देवगिरीच्या यादवांच्या वंशातले, निजामशाहीतले मातब्बर सरदार. त्यांच्या वाड्याबरोबर त्यांच्या घराण्याच्या काळातलं गावच इथे उभं आहे. रंगमहाल आहे, काळाकोट आहे, उंच तटांचा साकरवाडा आहे. नीलकंठेश्वर आणि रामेश्वर ही देवळं तर जाधवांच्याही आधीची, हेमाडपंती बांधणीची. आणि पाणी साठवण्याची सोय अशी की आजच्या इंजिनिअरनेही थांबून पाहावी.

राजवाड्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे आत गेल्यावर चेहरा पडणार नाही. राजस्थानातले सजवलेले महाल डोळ्यासमोर ठेवून येऊ नका. महाद्वार भक्कम उभं आहे, त्याची उंची पाहून मान मागे जाते. आतल्या इमारतींची मात्र बरीचशी जोतीच उरली आहेत, वरचं लाकूडकाम केव्हाच गेलं. पोरांना हे आधी समजावून सांगा. चौक कुठे असेल, सदर कुठे असेल, पाणी कुठून येत असेल, हे जोत्यांवरून ओळखायला लावा. माझी पुतणी दहा वर्षांची असताना तासभर हेच करत बसली होती. तिला तिथून उठवणं अवघड गेलं.

समाधी बाहेरूनच पाहून निघणं

लखुजीराजांची समाधी ही भारतातल्या हिंदू राजांच्या समाध्यांपैकी सर्वांत मोठी म्हणून सांगितली जाते. लोक रस्त्यावरून ती मोठी चौकोनी इमारत पाहतात, 'हा पण वाडाच दिसतो' म्हणतात आणि पुढे जातात. तिथे थांबा. २५ जुलै १६२९ रोजी देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशाहीच्या दरबारात, लखुजीराजांना दगा झाला. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी हे मुलगे आणि यशवंतराव हा नातूही मारला गेला. माहेरची तीन पिढ्यांची माणसं एका दिवशी गेली, तेव्हा जिजाऊंच्या पोटात शिवराय होते. शिवनेरीवर त्यांचा जन्म झाला तो पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० ला. या दोन तारखा मनात धरून समाधीपाशी उभे राहा. पोरांना तिथे गोष्ट सांगावी लागत नाही, ती आपोआप विचारतात.

याच समाधीच्या संवर्धनाचं काम चालू असताना २०२४ साली पुरातत्त्व खात्याला जमिनीखाली एका जुन्या देवळाचा पाया लागला, आणि पुढे खोदल्यावर शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. लांबी सुमारे १.७० मीटर, उंची एक मीटर, विष्णूचे पाय चेपणारी लक्ष्मी, आणि समुद्रमंथनाचा देखावाही त्याच शिळेत कोरलेला. म्हणजे जाधवांच्या आधीही या गावात मोठं देऊळ होतं, आणि अजून काय काय मातीखाली असेल कोण जाणे. म्हणूनच सांगतो, कुठे दोरी बांधलेली असेल, खड्डा उघडा असेल, तर पलीकडे पाय टाकू नका. फोटोसाठी काठावर चढणारे मी पाहिले आहेत. एका पायाखाली किती शतकांचे थर ढासळतात, याची त्यांना कल्पना नसते.

बारवेत चुकीच्या वेळी उतरणं

हे कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोक सकाळी सातला पुतळा बारवेवर पोचतात, आत अंधुक दिसतं, 'काही खास नाही' म्हणून वर येतात. किंवा संध्याकाळी जातात, तेव्हा सावली खालपर्यंत उतरलेली असते. बारव जमिनीच्या पोटात असते, तिच्या तळाच्या भिंतींवर ऊन उतरायला सूर्य डोक्याकडे यावा लागतो. म्हणून राजवाडा, समाधी, काळाकोट सकाळी उरका आणि बारवेसाठी अकरा ते एक ही वेळ राखून ठेवा.

त्या वेळी पायऱ्या उतरून एका बाजूला शांत बसा. भिंतींत बसवलेल्या ज्या मूर्तींवरून तिला पुतळा बारव म्हणतात, त्या एकेक करून उजेडात येतात. मी एकदा मार्गशीर्षात असाच बसलो होतो. समोरच्या मूर्तीचं नाक झिजलेलं, ओठ झिजलेले, पण तिरपं ऊन आलं तसा गळ्यातल्या दागिन्याचा एकेक मणी वेगळा दिसायला लागला. दहा मिनिटांनी ऊन सरकलं आणि तो पुन्हा दगडात मिसळून गेला.

आता अडचणीची गोष्ट. पावसाळ्यात आणि त्यानंतर महिना-दोन महिने पायऱ्यांवर शेवाळ असतं. चपला गुळगुळीत असतील तर उतरू नका, वरूनच पाहा. दिवाळीपर्यंत गवत वाढलेलं असतं, काठीने पुढे आपटत चाला, जनावर असलं तर बाजूला होतं. आणि आत जाण्याआधी वर पाहा. जुन्या कमानींना आग्या मोहोळ असतं. असेल तर मोठ्याने बोलू नका, अगरबत्ती-उदबत्ती पेटवू नका, अत्तर लावून जाऊ नका. माश्या उठल्याच, तर हात झाडत उभं राहू नका. तोंड झाका आणि सरळ बाहेर पळा.

मूर्तींना तेल आणि शेंदूर फासण्याची सवय मात्र मोडायला हवी. श्रद्धा मी समजू शकतो, पण तेलावर धूळ बसते, थर चढत जातो आणि कोरीव काम बुजतं. आपल्या नातवंडांना मग नुसता शेंदरी गोळा दिसेल. दगडावर नाव कोरणं तर गुन्हाच आहे. संरक्षित स्मारकाचं नुकसान केलं तर कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे.

तलाव वगळणं

'तलावच ना, आमच्याकडेही आहे,' असं म्हणून बहुतेक जण मोती तलाव सोडून देतात. मला विचाराल तर वेळ कमी असेल तेव्हा बाकी काही सोडा, मोती तलाव सोडू नका. बांधाची पुढची बाजू एखाद्या गढीसारखी बांधली आहे. हा परिसर कमी पावसाचा, इथल्या विहिरी चैत्रातच तळ दाखवतात. अशा मुलखात पाणी अडवून ठेवणं म्हणजे गाव जगवणं, आणि ते काम जाधवांनी राजवाड्याइतक्याच हौसेने केलं, हे त्या बांधापुढे उभं राहिलं की कळतं.

तिथे बकऱ्या राखणारे एक आबा मला भेटले होते. मी बांधाच्या वरून वरूनच फिरत होतो. ते म्हणाले, "बापू, वरतून काय पाह्यता? खाली उतरा, पुढून पाहा. पुढून पाह्यलं नाही तं काहीच पाह्यलं नाही." तेव्हापासून मी पाहुण्यांना आधी खालीच नेतो.

चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत आहे. ती पाहायला कधी जाता यावर सगळं अवलंबून. पाऊस चांगला झाला असेल तर भाद्रपद ते पौष पाण्यातली इमारत काठावरून पाहावी. पाण्यात उतरून तिथवर जाण्याचा विचारही करू नका, खाली गाळ असतो आणि वर पाहताना खोली कळत नाही.

नकाशावर चुकीचं सिंदखेड निवडणं

हसण्यावारी नेऊ नका, हे खरंच घडतं. धुळे जिल्ह्यात शिंदखेडा हे तालुक्याचं गाव आहे आणि तिथे रेल्वे स्टेशनही आहे. घाईत तिकीट काढणाऱ्यांची गल्लत होते. आपलं सिंदखेडराजा बुलढाणा जिल्ह्यात, आणि गावात रेल्वे नाही. जवळचं स्टेशन जालना, तिथून तीस-पस्तीस किलोमीटर. जालन्याहून मेहकरकडे जाणारी एस.टी. इथूनच जाते. मोबाईलमध्ये टाकताना 'राजा' हा शब्द टाकाच, आणि जिल्हा बुलढाणा आहे ना, एवढं तपासा.

गाडीने येणाऱ्यांसाठी समृद्धी महामार्गाला सिंदखेडराजाचा इंटरचेंज आहे. नागपूरहून तीनशे किलोमीटरच्या वर अंतर पडतं. समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे बुलेट घेऊन निघालेल्या पोरांनी जुन्याच रस्त्याने मेहकर, सुलतानपूर, बीबी, दुसरबीड, किनगाव राजा असं यावं.

नागपूरकरांना मनापासून एक विनंती. दिवसभर उन्हात फिरून रात्री परतीला समृद्धीवर गाडी घालू नका. रस्ता सरळ आणि एकसुरी, डोळा कधी लागतो कळत नाही. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर याच तालुक्याच्या हद्दीत, पिंपळखुट्याजवळ, बस पेटून २५ माणसं गेली. त्या दिवसाची आठवण आमच्या भागात अजून ताजी आहे. मुक्काम जालन्याला किंवा मेहकरला करा, सकाळी निघा.

१२ जानेवारीला वास्तू पाहायला येणं

जिजाऊ जन्मोत्सवाला लाखोंनी लोक येतात. त्या दिवशीचा भाव वेगळाच असतो, एकदा तरी अनुभवावा असा. पण त्या गर्दीत राजवाड्याचं जोतं दिसणार नाही, बारवेत उतरता येणार नाही, गाडी लांब लावून चालत यावं लागेल. दर्शनाला यायचं तर १२ तारखेला या, आणि गाव पाहायचं तर त्या आठवड्याच्या आधी किंवा नंतर. उत्सवाला आलातच आणि वास्तूही पाहायच्या असतील, तर उजाडता उजाडता समाधी आणि काळाकोट गाठा. तिथे गर्दी उशिरा पोचते.

एप्रिल-मेमध्ये शक्यतो नकोच. पारा बेचाळीसच्या पुढे जातो, दगड तापतो, तटावर हात ठेववत नाही. नाइलाज असेल तर सातला सुरुवात करून साडेदहाला थांबा आणि उरलेलं पाचनंतर पाहा. टोपी, उपरणं आणि माणशी दोन लिटर पाणी, यात कसर करू नका.

एका दिवसात तीन ठिकाणं कोंबणं

शेगावचं दर्शन, लोणारचं विवर आणि सिंदखेडराजा, असा बेत दर सुट्टीत ऐकतो. या बेतात तिन्ही ठिकाणी न्याय होत नाही. लोणारचं सरोवर आणि दैत्यसूदनाचं देऊळ यांनाच अख्खी सकाळ लागते. जोड द्यायचीच असेल तर देऊळगाव राजाच्या बालाजीची द्या, ते अगदी जवळ आहे.

जेवणाचं आधीच पाहून ठेवा. गावात हॉटेलं आहेत, रस्त्याला ढाबे आहेत, पण आठ-दहा माणसांची भाकर आणि पिठलं हवं असेल तर सकाळीच सांगून ठेवावं लागतं. राजवाडा पाहायला जातानाच सांगितलं, तर बारव पाहून वर येईपर्यंत ताटं तयार असतात.

आणि पोचायला उशीर झालाच, हातात दोनच तास उरले, तर काय करावं? राजवाड्यात जन्मस्थानी नमस्कार करा, तिथून समाधीवर जा, आणि उरलेला सगळा वेळ मोती तलावाच्या पुढच्या अंगाला द्या. एस.टी.ने आला असाल तर उतरल्या उतरल्या बसस्थानकावर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ विचारून घ्या, संध्याकाळनंतर जालन्याकडे जायला वाट पाहावी लागते.