अमेरिकेतल्या घरात बुरशीची तपासणी: पैसे नेमके कशाचे?

अमेरिकेत मध्यम आकाराच्या घराची बुरशी तपासणी साधारण 300 ते 700 डॉलरांत होते. घर मोठं असेल किंवा क्रॉल स्पेसमध्ये, म्हणजे घराच्या जमिनीखालच्या बुटक्या पोकळीत, रांगत शिरावं लागणार असेल, तर आकडा हजाराकडे सरकतो. बिल फुगतं ते नमुन्यांनी. लॅबचे पैसे बहुधा दर नमुन्यामागे असतात, म्हणून कोटेशनमध्ये नमुने किती धरलेत आणि वाढीव नमुन्याला किती लावणार, हे आधीच विचारा. हवेचा नमुना घेतला तर एक घराबाहेरचाही हवाच. बुरशीचे बीजाणू बाहेरच्या हवेत असतातच. तुलनेला काही नसेल तर घरातल्या आकड्याला अर्थ नाही.

बुरशी डोळ्यांना दिसतेय? मग बहुतेक वेळा नमुन्याची गरजच नाही, असं तिथली सरकारी पर्यावरण संस्था ईपीए सांगते. डाग 10 चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर घरच्या घरी साफ करता येतो, पण आधी गळती थांबवायची.

पैसे द्यायचे ते ओल शोधण्याचे. इन्स्पेक्टर सिंकखाली, टबामागच्या भिंतीला, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांना मॉइश्चर मीटर लावतो का, बघा. रिपोर्टमध्ये ते आकडे जागेसकट आणि फोटोंसकट मागा.

साफसफाई कंपनीची ‘फुकट तपासणी’ शेवटी महाग पडू शकते, कारण बुरशी सापडली तर साफसफाईचं काम तिलाच मिळतं. टेक्सास आणि न्यूयॉर्कमध्ये तर तपासणारा आणि साफ करणारा एकाच कामावर एकच असायला कायद्याने बंदी आहे.