सर्दीची गोळी घेण्याआधी पट्टी उलटून वाचा

सर्दी-खोकला झाला की घरात पथ्यांची यादी सुरू होते: दही नको, केळं नको, भात नको, लिंबू तर अजिबात नको. यातल्या कशाचंही सर्दीच्या गोळीशी वाकडं नाही. ज्यांचं वाकडं आहे, त्यांचं नाव मात्र कुणी घेत नाही. घरातल्यांची दुखणीखुपणी काढताना माझी एक पद्धत बसली आहे, ती सांगते.

१. गोळी साध्या पाण्याबरोबर घ्या. 'व्हिटॅमिन सी मिळेल' म्हणून रसाबरोबर देऊ नका. शिंकांवरची फेक्सोफेनाडीन संत्र्याच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर अंगात कमी शोषली जाते.

२. मागचे घटक वाचा. इथेच मी चुकले होते.

आईला बीपी आहे. एका पावसाळ्यात तिचा खोकला दोन आठवडे हटेना. दिवसातून तीनदा ज्येष्ठमधाचा काढा, मधे ज्येष्ठमधाची कांडी चघळणं. त्यात मी मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून दिली. तिसऱ्या दिवशी तिचं डोकं जड, पाय सुजलेले, बीपीचा वरचा आकडा १७८. डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि विचारलं, "घरगुती काय चालू आहे?" काढ्याचाही हिशेब धरायचा असतो, हे तोवर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत तापावरचं पॅरासिटामॉल, चोंदलेल्या नाकासाठी फिनाइलेफ्रिन आणि शिंकांवरचं क्लोरफेनिरामाइन असतं, काहींत कॅफीनही. फिनाइलेफ्रिन रक्तवाहिन्या आवळतं, म्हणून बीपी चढू शकतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसरायझिन अंगात मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं; त्यानेही बीपी चढतं. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर पोटॅशियम आणखी उतरू शकतं. 'घरचं आहे, काही होत नाही' हे मला आता ऐकवत नाही. बीपी असेल तर ज्येष्ठमध रोज घेऊ नका, आणि फिनाइलेफ्रिनची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. खोकल्याच्या आयुर्वेदिक सिरपवर 'यष्टिमधु' किंवा 'मुलेठी' दिसलं तर ते ज्येष्ठमधच. आलं, तुळस, गवती चहा घालून काढा करा, तेवढा पुरतो.

गोळ्या काढताना मागची फॉइल फाटते आणि नेमकी नावंच जातात. म्हणून पहिली गोळी काढण्याआधी मी मोबाइलवर फोटो घेते आणि मोठा करून वाचते. पॅरासिटामॉल दिसलं की तापाची वेगळी गोळी बंद, तिच्यातही बहुधा तेच असतं. धडधाकट मोठ्या माणसालाही दिवसात ४ ग्रॅम, म्हणजे ५००च्या ८ गोळ्या, ही कमाल मर्यादा आहे. वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी, डॉक्टर सांगतील तेवढ्याच. कॅफीन दिसलं तर आल्याचा चहा चार-चारदा नको. छातीत धडधडतं, झोप उडते.

क्लोरफेनिरामाइनने झोप येते. त्यावर दारू किंवा भांग घेतली तर गुंगी फार वाढते, आणि पॅरासिटामॉलबरोबर दारू यकृताला भारी पडू शकते. सर्दीवर रम सुचवणाऱ्याचं ऐकू नका. गोळी घेऊन गाडीही चालवू नका.

३. सिरप मापाच्या टोपणानेच घ्या. मधुमेह असेल तर शुगरफ्री मागा.

४. लहान मुलांना अंदाजाने काही देऊ नका. १ वर्षाखालच्या बाळाला मध चाटवायचा नाही, बोटाच्या टोकावरचासुद्धा. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना नको. तसं लेबलवर छापायला औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये कंपन्यांना सांगितलं आहे.

५. आयबुप्रोफेन ही ताप-अंगदुखीची गोळी उपाशीपोटी नको. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं असेल तर ते दुधाबरोबर घेऊ नका. दूध-दही दोन तासांच्या अंतराने.

६. मेडिकलमध्ये जाताना बीपी, शुगर, रक्त पातळ करायची अशा चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या, आणि काढ्यात काय काय घालता तेही कागदावर लिहून न्या.