कपाळाला खोक पडली तर

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर दोन पेठांचा फुटबॉल सामना रंगलाय. उंच आलेल्या चेंडूसाठी दोघं एकदम उडी घेतात, डोक्यावर डोकं आपटतं. एकाच्या कपाळातून रक्ताची धार लागते आणि सगळे त्याच्याकडे धावतात. दुसरा नुसताच गप्प बसून राहतो. माझं म्हणणं, एकानं रक्तवाल्याला सांभाळावं आणि दुसऱ्यानं त्या गप्प बसलेल्याकडे जावं.

कपाळाच्या कातडीत रक्तवाहिन्या दाटीनं असतात, म्हणून एवढीशी खोकही तोंड माखून टाकते. पण खाली टणक हाड असल्यानं ते रक्त दाबून थांबवणं सोपं जातं. जखमीला बसवा, स्वच्छ रुमाल ठेवून तळव्यानं घट्ट दाबा. सलग १० मिनिटं, घड्याळ लावून. लोक चुकतात ते इथंच. दर अर्ध्या मिनिटाला रुमाल उचलून ‘थांबलं का?’ बघतात आणि धरत आलेली गुठळी निघून येते. रुमाल भिजला तर वरून दुसरा ठेवा, खालचा काढू नका. हाड खचल्यासारखं वाटलं किंवा काही रुतलेलं असलं, तर मात्र त्यावर दाबायचं नाही; थेट दवाखाना.

हळद, कॉफी, चुना काही भरू नका. तालमीतली तांबडी मातीसुद्धा नको. तिच्यात हळद, ताक, तेल मुरवलेलं असतं हे खरं, पण धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात.

जखमेच्या कडा विलग दिसत असतील तर त्याच दिवशी टाके घालून घ्या. भुवईवर खोक असेल तर भुवई भादरू नका. टाका घालताना कडा जुळवायला डॉक्टरांना त्याच केसांचा आधार असतो. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं, तेही सांगा.

नुसतं टेंगूळ आलं असेल तर चोळून जिरवू नका. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं धरा.

आता तो गप्प बसलेला. त्याला विचारा: स्कोअर काय? मागचा गोल कुणी मारला? उत्तर गडबडलं, डोकं जड वाटतंय म्हणाला, तर त्या दिवशी परत मैदानात नाही, मग पेठेची इज्जत पणाला लागलेली असो. पुन्हा पुन्हा उलटी, वाढती गुंगी, झटके, डोळ्यांच्या लहानमोठ्या बाहुल्या, नाकाकानातून पाण्यासारखा स्राव, यातलं एक जरी दिसलं तरी १०८ लावा. मान हलवू नका.

बेशुद्ध आहे आणि श्वासही नीट नाही? मग सीपीआर, म्हणजे छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं. कोल्हापुरात ही अक्षरं उच्चारली की छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालयच आठवतं, पण इथं दवाखान्याची वाट बघायची नसते. छातीच्या मधोमध, मिनिटाला १०० ते १२० वेळा, साधारण ५ सेंटिमीटर खोल दाब द्यायचा, मदत येईपर्यंत.

टेंगूळ आलेल्याचे डोळे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काळेनिळे झाले तर घरच्यांचं धाबं दणाणतं. बहुतेकदा कपाळात साकळलेलं रक्तच खाली उतरलेलं असतं, आठ-पंधरा दिवसांत रंग जातो. तरी दोन्ही डोळ्यांभोवती काळं आलं तर एकदा दाखवून घ्याच.