पावसाळ्याआधी लसूण सोलून गोठवून ठेवण्याची रीत

विदर्भातील खेड्यांत नवा लसूण मार्च-एप्रिलमध्ये घरात येतो तेव्हा टणक आणि तिखट असतो. पण मे महिन्याच्या उन्हाने त्याच्या कुड्या आकसू लागतात आणि पाऊस लागला की उरलेल्या गड्ड्यांना कोंब फुटतात किंवा काळी बुरशी धरते. शिवाय पेरणीपासून कापसाच्या वेचणीपर्यंत ज्या घरात पहाटेच डबे भरून शेत गाठायचे असते, तेथे रोज लसूण सोलत बसायला सवड नसते. म्हणून हे काम मे महिन्यातच उरकलेले बरे.

कुड्या सुट्या करून त्यांना तेलाचा हलका हात लावावा, तास-दोन तास उन्हात पसरवाव्यात, मग गोणपाटावर चोळून सुपात पाखडाव्यात. बहुतेक साले याने निघतात. उरलेली हाताने काढावीत. कोमट पाण्यात भिजवूनही साले सुटतात, परंतु नंतर प्रत्येक कुडी फडक्याने कोरडी पुसावी लागते, कारण अंगावर राहिलेल्या पाण्याचे बर्फ होऊन सगळा लसूण एकमेकांना चिकटतो. डाग पडलेल्या किंवा मऊ झालेल्या कुड्या येथेच वेगळ्या काढाव्यात.

सोललेला लसूण पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये पाणी न घालता जाडसर वाटावा. पाव किलोला दोन मोठे चमचे शेंगदाण्याचे किंवा सोयाबीनचे तेल मिसळल्यास गोळा दगडासारखा घट्ट होत नाही. जवसाचे तेल मात्र लवकर खवट होते, ते वापरू नये. बर्फाच्या साच्यातील एकेका खणात एका फोडणीपुरता लसूण भरून साचा लगेच फ्रीजरमध्ये ठेवावा आणि वड्या घट्ट झाल्यावर त्या झाकणाच्या डब्यात भराव्यात. हा साचा पुन्हा बर्फासाठी वापरता येत नाही, कारण त्याचा वास धुऊनही जात नाही. वाटण हिरवट-निळसर दिसले तरी घाबरू नये. तो लसणातील घटकांचा परिणाम असतो आणि त्याने अपाय होत नाही.

एका बाबतीत हयगय चालत नाही. तेलातला कच्चा लसूण बरणीत भरून ओट्यावर ठेवू नये. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात, लसूण मातीतच वाढतो आणि तेलाखाली हवा पोहोचत नसल्याने तेथे हा जिवाणू वाढून प्राणघातक विष तयार करू शकतो, तेही वास किंवा रंग न बदलता. गोठवल्याने त्याची वाढ थांबते, पण बीजाणू मरत नाहीत. म्हणून वड्या बाहेर काढून वितळत ठेवू नयेत.

आपल्याकडे खरी अडचण भारनियमनाची असते. फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे. संध्याकाळी शेतातून परतल्यावर नाणे वरच असेल तर वड्या ठीक आहेत. ते बर्फात खाली रुतले असेल तर मधल्या काळात वीज बराच वेळ नव्हती आणि वड्या विरघळून पुन्हा गोठल्या असे समजून त्या टाकून द्याव्यात. एका दाराच्या फ्रिजमधील बर्फाचा कप्पा सहसा उणे १८ अंशांपर्यंत थंड होत नाही, त्यामुळे तेथील वड्या दीड-दोन महिन्यांत संपवाव्यात आणि त्या बेताने थोड्याच कराव्यात; मोठा डीप फ्रीजर असेल तर चव पाच-सहा महिने टिकते.

झुणका, वांग्याची भाजी किंवा पातोडीचा रस्सा करताना मोहरी तडतडल्यावर आच मंद करून वडी कढईच्या कडेने सोडावी, नाहीतर बर्फामुळे तेल अंगावर उडते. ठेच्यासाठी मात्र हा लसूण घेऊ नये. गोठलेली कुडी लिबलिबीत होते आणि तिच्यात कच्च्या लसणाचा झणका राहत नाही. त्यासाठी दोन-चार गड्डे टोपलीत, वारा लागेल अशा जागी टांगून ठेवावेत.