शाळेतली रोपवाटिका: पेरणी जूनमध्ये, लागवड पुढच्या जुलैत

बहुतेक शाळा रोपवाटिका फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू करतात. पावसाळ्यात रोपं लावायची तर चार महिने आधी पेरलं पाहिजे, असा साधा हिशेब असतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी लागते आणि हा हिशेब तिथेच फसतो. चार पानांवरचं रोप नाशिकच्या उन्हात दोन दिवस पाण्यावाचून राहिलं की माना टाकतं. तेव्हा बी उन्हाळ्यात गोळा करावं, पेरणी जूनच्या मध्याला शाळा उघडल्यावर करावी आणि रोप वर्षाचं झालं की पुढच्या जुलैत डोंगरावर न्यावं. मे महिना त्यातही येतोच, पण तोवर रोपाचं खोड पेन्सिलीएवढं जाड झालेलं असतं आणि ते तग धरतं.

कोणतं झाड

शाळा कुठे आहे ते पाहून ठरवा. त्र्यंबक, इगतपुरीकडे पाऊस धो-धो पडतो. तिथे जांभूळ, हिरडा, बेहडा चांगले येतात. सिन्नर, येवला, चांदवडच्या कोरड्या पट्ट्यात कडुनिंब, बाभूळ, बोर, हिवर, खैर. नाशिक शहर या दोन्हींच्या मध्ये, त्यामुळे इथे बहावा, करंज, आपटा, चिंच, कडुनिंब बिनधास्त घ्या. गिरिपुष्प आणि सुबाभूळ ही बाहेरून आलेली झाडं भराभर वाढतात म्हणून लोक लावतात. मुलांना झाडं शिकवायची असतील तर ती बाजूला ठेवलेली बरी.

येवल्याजवळच्या ममदापूरसारखी गवताळ माळरानं रिकामी दिसतात, पण ती रिकामी नसतात. काळवीट तिथेच चरतं. अशा जागी झाड लावणं म्हणजे त्याचं कुरण मोडणं.

बी गोळा करणं

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात चिंचा आणि आपट्याच्या शेंगा मिळतात. आपटा म्हणून कांचन आणू नका. आपट्याचं पान लहान असतं आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं पान मोठं असतं. दसऱ्याला बाजारात दोन्ही एकाच ढिगात असतात, म्हणून मुलांना फरक झाडापाशी नेऊनच दाखवावा. एप्रिल-मेमध्ये करंजाच्या चपट्या शेंगा आणि बहाव्याच्या काळ्या, हातभर लांब शेंगा मिळतात. बहाव्याच्या दहा-बारा शेंगा खूप झाल्या, कारण एका शेंगेत निदान चाळीस-पन्नास बिया निघतात. एकाच झाडाखालचं सगळं बी उचलू नका, चार-पाच झाडांवरचं थोडं थोडं घ्या. बी सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये त्याला बुरशी येते.

कडुनिंब आणि जांभूळ साठवून ठेवता येत नाहीत. फळ पिकून पडलं की त्याच दिवशी गर चोळून धुवायचा, बी एक-दोन दिवस सावलीत सुकवायचं आणि आठवड्याच्या आत पेरायचं. दिवाळीला कुणी डबाभर निंबोळ्या आणून दिल्या तर त्यातलं जवळजवळ काहीच उगवणार नाही. जांभळाच्या एका बीतून कधीकधी दोन-तीन कोंब येतात. जोमदार असेल तो ठेवा, बाकीचे कात्रीने कापा. उपटायला गेलात तर ठेवलेल्याची मुळीही हलते.

बहाव्याचं कवच

बहाव्याचं बी गुळगुळीत, तपकिरी आणि दगडासारखं असतं. तसंच पेरलं तर वर्षभर पडून राहील. त्याच्या एका टोकाला, जिथे ते शेंगेला चिकटलेलं होतं तिथे, बारीक ठिपका दिसतो. कोंब तिथून येतो, म्हणून त्या टोकाला हात लावायचा नाही. दुसऱ्या, गोल टोकावर नेलकटरने किंचित टवका काढायचा. आतला पांढुरका भाग टाचणीच्या डोक्याएवढा दिसला की थांबा. मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. सकाळी बी फुगून जवळजवळ दुप्पट झालं असेल तर ते पेरायला तयार. न फुगलेल्यांना पुन्हा नेलकटर. एका तासिकेत मुलांचा गट साठ-सत्तर बिया आरामात करतो, आणि बीला पाणी आत घ्यायला वाट लागते हे फळ्यावर न लिहिताच कळतं. लहान मुलांच्या हाती नेलकटर द्यायचं नसेल तर उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाका आणि पाणी गार होऊ देत 24 तास ठेवा. या रीतीने निम्मंअर्धं बी मागे राहतं, म्हणून बी जास्त घ्या.

चिंचोके एक रात्र साध्या पाण्यात भिजवले की पुरे. करंजाला काहीच लागत नाही. शेंग फोडा, बी आडवं ठेवा, दहा-पंधरा दिवसांत वर येतं. बाभळीसाठी एक जुनी युक्ती आहे: शेळ्यांच्या वाड्यातून लेंड्यांबरोबर पडलेल्या बिया वेचून आणा. शेंगा शेळीच्या पोटातून गेल्यामुळे कवच आधीच मऊ झालेलं असतं.

पिशव्या आणि माती

पहिल्या वर्षी 200 पिशव्यांच्या पुढे जाऊ नका. पिशवी 6 × 8 इंची घ्या. दुधाची एक लिटरची चालते, अर्ध्या लिटरचीत मुळी सहा महिन्यांतच गुंडाळी मारते. खालून अर्ध्या-पाऊण इंचावर चारी बाजूंनी मिळून आठ-दहा भोकं पाडा. एका पिशवीत साधारण सव्वा लिटर मिश्रण मावतं, म्हणजे 200 पिशव्यांना दहा लिटरच्या पंचवीस बादल्या. पोयट्याची माती 13, वाळू 6, चाळलेलं शेणखत 6, असं धरा. वाळू परवडत नसेल तर इगतपुरी-त्र्यंबकच्या भातगिरणीवरचं तूस वाळूत निम्म्याला निम्मं मिसळा.

नुसती काळी माती भरू नका. पावसात ती चिखल होते, उन्हात तिची वीट होते आणि पिशवीपासून सुटून कडेला फट पडते. घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं, मुळापर्यंत पोहोचत नाही. शेणखत हातात घेऊन दाबा: भुरभुरीत, काळं, वास नसलेलं असेल तर चांगलं. कोमट लागलं किंवा आत पांढरी, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी दिसली तर परत पाठवा. ती हुमणी. एक अळी पिशवीतली मुळं साफ करते.

पिशवी ठोकून ठोकून भरा, वर एक इंच जागा पाण्यासाठी सोडा. प्रत्येक पिशवीत दोन बिया, बीच्या जाडीच्या दुप्पट खोल. दोन्ही उगवल्या तर महिन्याभरात एक कापा. मुलांना हे जिवावर येतं, पण दोन्ही ठेवल्या तर दोन्ही किडमिडीत राहतात.

पिशव्यांवर मुलांची नावं लिहू नका. ज्याचं रोप मरतं ते पोर हिरमुसतं आणि मग कुणीतरी गुपचूप पिशव्या बदलतं. पाच मुलांच्या गटाला वीस पिशव्या द्या, एक वही द्या. वहीत पेरल्याची तारीख, पहिला कोंब दिसल्याची तारीख, विसातले उगवले किती. शेकडेवारी शिकवायला याहून बरं उदाहरण पुस्तकात सापडायचं नाही.

वर्षभरात काय बिघडतं

जुलै-ऑगस्टमध्ये मर. कोवळं खोड मातीलगत काळं पडून दोऱ्यासारखं बारीक होतं आणि रोप आडवं होतं. कारण एकच, पिशवी सतत ओली. पिशव्या वळचणीखालून हलवा, दाटी मोडा, वर बोटभर कोरडी वाळू पसरा. द्राक्षवाल्या कुठल्याही पालकाकडे ट्रायकोडर्मा, म्हणजे मित्रबुरशीची पावडर, मिळेल. लिटरला 5 ग्रॅम घालून ते पाणी मातीत ओता. मेलेलं रोप मातीसकट दूर टाका, ती माती पुन्हा वापरू नका.

ऑक्टोबरपासून पाणी द्यायला लागतं, आणि इथून पुढे रोपं तहानेने मरतात त्यापेक्षा जास्त मुलांच्या उत्साहाने मरतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओलं लागलं तर झारी खाली ठेवा. पिशवी उचलून वजनाचा अंदाज घ्यायला मुलं आठवड्यात शिकतात.

मुळ्यांचं काम याच महिन्यात सुरू करा. पिशवी एका जागी राहिली की भोकांतून मुळी जमिनीत उतरते. रोप झपाट्याने वाढतं, सगळे खूश होतात, आणि न्यायच्या दिवशी पिशवी उचलली की मुख्य मुळी तुटते. आठवड्यात रोप वाळतं. म्हणून महिन्यातून एकदा, संध्याकाळी, प्रत्येक पिशवी उचलून जागा बदला, बाहेर आलेली मुळी कात्रीने कापा, लगेच पाणी द्या. पिशव्या खडीच्या थरावर ठेवल्या तर हे काम निम्मं होतं. दीड फुटांचं, मुळ्या कापत आणलेलं रोप तीन फुटांच्या लाडावलेल्या रोपापेक्षा डोंगरावर जास्त टिकतं.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडे पारा एक आकडी होतो, शहरातही कडाका असतो. वाढ थांबते, काही रोपं पानं टाकतात. खत ओतू नका, थांबा.

मे महिन्यात 50 टक्के सावली देणारी हिरवी जाळी हवी. पिशव्या एकमेकींना घट्ट चिकटवून, कडेने विटा लावून, वर पाचट पसरून ठेवा. पिशवीला रोज पाव लिटर धरलं तर 200 पिशव्यांना 50 लिटर, म्हणजे पाच बादल्या. त्या कोण घालणार याची तारीखवार यादी एप्रिलमध्येच फळ्यावर लावा. शिपाईमामा बघतील असं गृहीत धरू नका. नाहीतर जवळ राहणाऱ्या मुलांना दोन-दोन पिशव्या घरी द्या. जूनमध्ये ढग आले की जाळी काढा, म्हणजे रोपं उन्हावाऱ्याला सरावतात.

लावण्याचा दिवस

आधी पाण्याचा हिशेब. झाडाला पंधरा दिवसांनी 10 लिटर, नोव्हेंबर ते जूनच्या मध्यापर्यंत साधारण 15 पाळ्या. 40 झाडं म्हणजे एका उन्हाळ्याला 6000 लिटर. एवढं पाणी वर चढवायची सोय नसेल तर 40 सुद्धा जास्त. उरलेली रोपं सोसायट्यांना, पालकांच्या बांधावर द्या. डोंगर बहुतेक वनविभागाकडे असतात, तेव्हा लेखी परवानगी आधी घ्या.

खड्डे मे महिन्यातच, दीड फूट लांब, रुंद, खोल. वरची माती एका बाजूला, खालचा मुरूम दुसऱ्या बाजूला. दोन-तीन चांगले पाऊस होऊन खड्ड्यात ओल मुरली की लागवड. पिशवी दोन बाजूंनी ब्लेडने चिरा, तळाचा अर्धा इंच मातीच्या गोळ्यासकट कापून टाका म्हणजे गुंडाळलेली मुळी जाईल. वरची माती आणि एक घमेलं शेणखत आधी, मुरूम शेवटी. पिशवीतल्या मातीची पातळी जमिनीशी बरोबर यावी. उतारावर खालच्या अंगाला अर्धचंद्राकृती बांध घाला.

पाहुणे, पालक, मुलं मिळून 70 माणसं येणार असतील तर सकाळी साडेसातला बोलवा. पोहे वर नेईपर्यंत त्यांचा गोळा होतो आणि मिसळीचा तर विचारही करू नका. साडेचार किलो कोरडा चिवडा, सहा डझन केळी आणि माणशी एक लिटर पाणी पुरतं. चहा खाली उतरल्यावर. पेले घरून आणायला सांगा. मुख्य पाहुण्यांना पहिला खड्डा आणि पाच मिनिटं द्या, भाषण रोप लावून झाल्यावर. आधी ठेवलंत तर चिरलेल्या पिशव्यांतली मुळं वाऱ्यावर सुकत बसतात.

बुंध्याभोवती चार बोटं जागा सोडून गवताचं आच्छादन घाला. जानेवारीत मात्र ते काढून तीन फुटांचं आळं स्वच्छ करा, कारण फेब्रुवारीपासून वणव्याचे दिवस. शेळ्यांनी खाऊ नये म्हणून भोवती बोराटीचे काटे.

पुढच्या जूनमध्ये मोजणी करताना वाळकं दिसलं म्हणून उपटू नका. बुंध्याजवळ नखाने साल खरवडून पाहा. खाली हिरवं असेल तर पाऊस पडल्यावर तिथूनच फुटवा येतो.