लिलावातून जुनी गाडी कोकणात आणताना

जुन्या गाडीचं इंजिन बांधून घेता येतं, गिअरबॉक्स मिळतो, कार्बोरेटरचं किटही मिळतं. घेणाऱ्याला बुडवतात ते कुजलेला पत्रा आणि अर्धवट कागद. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्टीत तर गंज घेऊन आलेली गाडी बरी होणं फार अवघड, कारण इथली हवा त्या गंजाला थांबू देत नाही. म्हणून बोली लावायची ती सांगाड्यावर आणि कागदांवर. इंजिनचा आवाज कितीही गोड असो, त्याचा नंबर नंतर.

कुठल्या लिलावात जायचं

अ‍ॅस्टागुरूसारखी लिलावगृहं जुन्या गाड्यांचे ऑनलाइन लिलाव घेतात. तिथे आधी नाव नोंदवावं लागतं, कॅटलॉग मिळतो आणि गाडी बघायचे दिवस ठरलेले असतात. बँकांच्या जप्तीच्या लिलावात बहुतेक अलीकडच्या गाड्या असतात, जुनी फियाट तिथे क्वचितच दिसते. सरकारी खात्यांच्या आणि पोलीस ठाण्यांच्या लिलावात जुन्या जीप दिसतात आणि किंमत बघून मोह होतो. तिथे सांभाळा. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालवली जात नाही आणि अशा गाड्या नोंदणीकृत भंगार केंद्राकडेच जायच्या असतात. ती जीप कितीही ठणठणीत असली तरी तुमच्या नावावर होणार नाही. जाहिरातीत ‘भंगार म्हणून’ हे शब्द असतील तर गाडी बघायलाही जाऊ नका. नोंदणीसह विकली जाणारी सरकारी गाडी घेतलीत, तर नाव बदलायला फॉर्म ३२ लागतो आणि तो ताबा मिळाल्यापासून ३० दिवसांत भरायचा असतो.

‘जशी आहे, जिथे आहे’ ही अट जवळपास प्रत्येक लिलावात असते. बोली तुमच्यावर थांबली की तक्रारीला जागा उरत नाही. म्हणून गाडी प्रत्यक्ष न बघता बोली लावू नये. जाणं शक्यच नसेल तर खालून काढलेले फोटो मागा: चारही चाकांच्या आतली बाजू, दाराखालचा बॉक्स, डिकीचा तळ. ते मिळत नसतील तर ती गाडी सोडून द्या.

पत्रा कसा तपासायचा

सोबत न्यायच्या गोष्टी: छोटं लोहचुंबक, पातळ सुती कापड, चांगली टॉर्च, आरसा, जुना स्क्रूड्रायव्हर आणि जमिनीवर आडवं पडायला एक पोतं.

लोहचुंबक कापडात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली आहे. दाराचा खालचा चार बोटांचा भाग, मडगार्डची कड आणि हेडलाइटभोवतीचा पत्रा या जागांवर लांबी हमखास सापडते. डेंटरने दोन मिलिमीटर लांबी लावली तर ती कारागिरी समजा, पण चुंबक सरळ गळून पडत असेल तर आत भोक आहे असं धरून चाला.

मग खाली जा. आतली रबरी मॅट उचला आणि पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबून बघा. परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकं टोचा. चांगला पत्रा टणक आवाज देतो, कुजलेला ‘थप’ करतो. दाराखालची लांब पोकळ पेटी, म्हणजे सिल, फियाट ११०० किंवा पद्मिनी आणि अँबेसेडर या दोन्ही गाड्यांचा कणा आहे, कारण या गाड्यांना वेगळी चासी नाही, बॉडीच भार पेलते. सिल कुजली की गाडी मधून खचते आणि दारं बसेनाशी होतात. मागचं दार उघडून किंचित वर उचलून सोडा. कुलूप जागेवर बसत नसेल आणि बिजागरी मात्र घट्ट असेल, तर संशय सिलवर घ्या.

जुन्या अँबेसेडरला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, असतात आणि त्यांची मागची टोकं मजल्याखालच्या आडव्या बीममध्ये अडकवलेली असतात. ती जागा कुजली तर गाडी पुढून बसते. तिथे ठिगळ चालत नाही, तो सगळा भाग कापून नव्याने बांधावा लागतो. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथे बॉडीला मिळतात ती जागा आरसा धरून बघा. स्टँडर्ड हेराल्ड आणि महिंद्राच्या जीपला मात्र वेगळी चासी आहे. हेराल्डमध्ये चासीचे बाजूला आलेले हात कुजतात. जीपच्या चासीत माती साठून आतून पत्रा खाल्ला जातो आणि बाहेरून रंग शाबूत दिसतो. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, आवाज बदलला की थांबा.

एक खूण कायम लक्षात ठेवा: खालून नुकताच मारलेला काळा डांबरी कोट. चांगली गाडी विकायच्या आठवड्यात कोणी असा कोट मारत नाही. बॅटरीचा ट्रे, स्टेपनीची खोलगट जागा आणि पुढच्या काचेच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांतला रबराखालचा पत्रा या तीन जागाही अजिबात चुकवू नका.

इंजिन, थोडक्यात

लिलावात गाडी सुरू करू दिली तर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर ती तुमच्यासाठी आधीच सुरू करून ठेवलेली आहे. गार इंजिनच्या सुरुवातीचा धूर खरं सांगतो: निळा धूर रिंगा किंवा व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो, इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर हेडगास्केटकडे. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस दिसला तर पाणी ऑइलमध्ये उतरतंय. कॉम्प्रेशन मोजता आलं तर चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या दहा-पंधरा टक्क्यांत हवेत.

सुरू करू दिली नाही, तर गिअर न्यूट्रलला ठेवून हँडलने इंजिन फिरतं का एवढं बघा. बरीच वर्षं उभ्या असलेल्या गाडीला सेल्फ मारू नये. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडावं, रात्रभर ठेवावं आणि मग हातानेच फिरवावं. इंजिन जाम असेल तर पिस्टन, बोअर, बेअरिंग सगळं धरून हिशोब करा. १०८९ सीसीच्या फियाटचे आणि १४८९ सीसीच्या अँबेसेडरचे सुटे भाग आजही मिळतात, त्यामुळे जाम इंजिन हा गाडी नाकारायचा मुद्दा नव्हे, किंमत पाडायचा मुद्दा आहे.

कागद

मर्सिडीज ३०० एसएलआर कूपे, १९५५ सालची, २०२२ मध्ये साडेतेरा कोटी युरोंना विकली गेली. जगात अशा दोनच गाड्या, आणि ही तर पहिल्यापासून कारखान्याकडेच राहिलेली. जुन्या गाडीच्या किमतीत सलग इतिहासाचा वाटा एवढा मोठा असतो. आपल्या फियाटलाही तोच नियम लागू आहे, आकडे तेवढे लहान.

आरसी बुकातलं नाव आणि विकणाऱ्याचं नाव एकच आहे का? मूळ मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर फॉर्म ३१ ने गाडी चढायला हवी. कोकणात आजोबांच्या नावावरच्या गाड्या पिढ्यानपिढ्या तशाच पडून असतात, आणि चार वारसांपैकी एकाची सही मिळत नाही म्हणून व्यवहार अडतो. जुन्या कर्जाचा बोजा बुकात दिसत असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र विकणाऱ्यानेच आणायचं, हे बोलीआधी लेखी घ्या. दुसऱ्या राज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी हवी. साध्या खरेदीला फॉर्म २९ आणि ३० लागतात.

गाडीचा नंबर वाहन पोर्टलवर घालून बघा. फार जुनी नोंद ऑनलाइन दिसत नसेल तर मूळ आरटीओत ती आधी संगणकावर चढवून घ्यावी लागते, आणि ते काम विकणाऱ्याकडून करून घेणं सोपं. मग चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि बुकाशी एकेक अक्षर ताडून बघा. समुद्राकाठच्या गाड्यांत हा नंबरच गंजून पुसट झालेला असतो. नंबर वाचता येत नसेल तर पुढची सगळी प्रक्रिया तिथे अडते. इंजिन बदललेलं असेल, जसं पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवलेलं असतं, तर त्याची नोंद बुकात हवी.

पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटली असतील आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नसेल, तर २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज नोंदणी मिळते. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरप्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरं. पण ही गाडी रोजच्या वापराला नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर काढता येते. दापोलीहून हर्णैला दर रविवारी जायचं मनात असेल तर साधी नोंदणीच चालू ठेवा.

आकडा उलटा काढायचा

बोलीची मर्यादा घरी, कागदावर ठरवा. समजा पूर्ण तयार झालेल्या गाडीची किंमत तुमच्या मते ४,००,००० रुपये. त्यातून पत्रा आणि रंग १,२०,०००, यंत्राचं काम ६०,०००, वाहतूक २५,०००, कागद १५,००० वजा करा. राहिले १,८०,०००. आता बोलीवर लिलावगृहाचं प्रीमियम, म्हणजे त्यांची वरची फी, चढतं. ते १५ टक्के आणि प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी धरला तर एकूण १७.७ टक्के. म्हणजे १,८०,००० ला १.१७७ ने भागायचं, तुमची शेवटची बोली साधारण १,५२,९००. प्रीमियमचा दर आणि मूळ रकमेवर कर आहे का, हे त्या लिलावाच्या अटींत वाचून आकडे बदला. पत्र्याच्या खर्चात वीस टक्के जादा धरा, कारण रंग उतरवल्यावर दिसणारा गंज नेहमी आधी दिसलेल्यापेक्षा जास्त असतो.

घरी आणणं

दोरीने टोचन करून आंबा, कुंभार्ली किंवा फोंडा घाट उतरवू नका. जुन्या ड्रम ब्रेकवर भरवसा नसतो आणि इंजिन बंद असलेली गाडी घाटात ओढणाऱ्यालाच ढकलते. फ्लॅटबेड, म्हणजे गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक, ठरवा, पट्टे बंपरला न अडकवता अ‍ॅक्सलला अडकवा आणि पहिल्या वीस-पंचवीस किलोमीटरनंतर पुन्हा आवळा.

आणल्यावर पहिलं काम पत्र्याचं. कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, १८ किंवा २० गेजचा नवा पत्रा सीओटू वेल्डिंगने लावायचा, मग एपॉक्सी प्रायमर. गंजावर लांबी चढवून रंग मारला तर दुसऱ्या पावसाळ्यात फोड येतात. पोकळ पेट्यांत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, मारा, पण एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात गाडी आतून सुकल्यावरच. ओल आत राहिली तर वॅक्स तिला कोंडून ठेवतं. जळकं ऑइल आणि डिझेलचा फवारा स्वस्त पडतो, पण त्याने रबरी बुश फुगतात.

दाराच्या आणि सिलच्या तळाची पाणी निघायची भोकं मृग लागायच्या आधी तारेने मोकळी करा. किनाऱ्यावर जाऊन आलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवायची. इथे एक गोष्ट सहज विसरते: समुद्राजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं. त्या पाण्याने धुतलं तर मीठ निघायच्या ऐवजी आणखी चढतं. पाणी जिभेवर घेऊन बघा, शंका वाटली तर नळाचं वापरा.

पावसाळ्यात गाडीवर थेट ताडपत्री टाकू नका, तिच्या आत घाम धरतो. छप्पर हवं, बाजू वाऱ्याला मोकळ्या, वर सुती कव्हर, खाली प्लॅस्टिकच्या कागदावर ओतलेली सिमेंटची जमीन. सारवलेल्या किंवा नुसत्या जांभ्याच्या जमिनीतून ओल वर येते. हँडब्रेक ओढून ठेवला तर लायनर ड्रमला चिकटतात, म्हणून चाकांना लाकडी ठोकळे लावा आणि ब्रेक सोडून ठेवा. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा. ते जमणार नसेल तर टाकी आणि कार्बोरेटरचं भांडं रिकामं करून टाकीत थोडं ऑइल फिरवा. जुने रबरी पेट्रोल पाइप इथेनॉलला टिकणारे बदलून घ्या.

पाऊस ओसरल्यावर गाडी बाहेर काढायच्या आधी ब्रेक ऑइल बदला, तेही ओल पितं. चारही ड्रम उघडून व्हील सिलिंडर सुटे हलतात का ते बघा आणि उंदरांनी वायरिंग कुरतडलं नाही याची खात्री करूनच बॅटरीची तार जोडा.